छत्रीची वाटी, किटलीची वाटी

भालेराव काकांची आणि माझी ओळख माझ्या स्वयंपाकघराच्या छतामुळे झाली. खडकी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची सोसायटी. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि आमच्या डोक्यावर गच्ची. एका रविवारी ओट्याच्या वर ओल दिसायला लागली आणि दुपारपर्यंत थेंब नेमके कुकरवर पडायला लागले. खालच्या मजल्यावरच्या भालेरावांनी गच्चीत पांढरे पाइप मांडून त्यात पाणी खेळवलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी तावातावानं खाली गेले आणि त्यांच्या दाराची बेल जरा जास्तच वेळ दाबून धरली.

दार उघडणारा माणूस बुटका, सडपातळ, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला. खिशात रुमालात गुंडाळलेलं भिंग. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती वाजल्यापासून?"

मग ते एक काचेची नळी आणि कागदाच्या पट्ट्यांची डबी घेऊन वर आले. माझ्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून चढले, पाच-सहा थेंब नळीत धरले, त्यात पट्टी बुडवली आणि खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"हे माझं पाणी नाही," ते म्हणाले.

"पाण्यावर नाव लिहिलेलं असतं वाटतं," मी म्हटलं.

"असतं ना. माझं पाणी आंबट असतं, झाडांना तसं लागतं म्हणून. मग पट्टी पिवळी झाली असती. ही निळसर झालीय. हे सोसायटीच्या टाकीचं पाणी आहे."

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला आणि टाकीचा पाइप तडकलेला निघाला. मी माफी मागायला गेले, तर आपण खरे ठरलो याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता. "तपास पुरा झाला," एवढंच म्हणाले. आणि मला खुर्चीत बसवून त्यांनी माझ्यापुढे झाकणाच्या दोन वाट्या ठेवल्या. दोन्हींत बारीक चिरलेली कोथिंबीर, मीठसुद्धा न घातलेली. शेजारी मूठभर कुरमुरे आणि पाण्याचा पेला.

"नीलाताई, तुम्ही छापखान्यात प्रुफं तपासता ना? मग तुम्ही कामाच्या. आधी ही खा, मग कुरमुरे, मग ती. आणि मला खूश करायला काही सांगू नका."

त्या दिवसापासून मी त्यांची चाखणारी झाले.

काका दारूगोळ्याच्या कारखान्यात परीक्षक होते. तिथून निवृत्त झाले तरी परीक्षक राहिलेच. कारखान्यात माल लॉटनं तपासतात. त्यातले थोडे नमुने काढायचे, ते उडवून बघायचे आणि त्यावरून अख्ख्या लॉटचा निकाल लावायचा. "काडेपेटीतली प्रत्येक काडी ओढून बघितली, तर काडेपेटी चांगली होती हे कळतं, पण चहा कशावर करणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ही लॉटची भाषा त्यांनी घरीही आणली होती. चिकूवाल्याच्या गाडीवरचा एक चिकू दाबून ते "लॉट नापास" म्हणत आणि पुढे जात. मी दिवाळीत पाठवलेल्या लाडवांच्या डब्यात परत येताना चिठ्ठी होती : "सहापैकी दोन नमुने तपासले. एक फुटला. लॉट सशर्त पास." मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

गच्चीवरच्या पाइपांचा उद्योग मुळात त्यांच्या मुलीचा, संघमित्राचा. घरी तिला मित्रा म्हणत. हिंजवडीत तेव्हा रोज एक नवीन काचेची इमारत उभी राहत होती आणि मित्रा त्यांतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होती. सकाळी साडेसातला कोपऱ्यावर कंपनीची बस यायची, रात्री सोडायची. ऑफिसातल्या इंटरनेटवरून तिनं मातीशिवाय भाजी पिकवण्याबद्दलच्या कागदांचा हा एवढा गठ्ठा छापून आणला होता. तिला आणि तिच्या एका मैत्रिणीला हिंजवडीच्या पलीकडे शेड भाड्यानं घेऊन कोथिंबीर, पालक, पुदिना असं सगळं पाण्यावर काढायचं होतं. त्यासाठी नोकरी सोडायची होती. काकांनी ते ऐकून घेतलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "चाचणी घेतो," म्हणाले.

मित्रानं ते मान्य केलं. तिचा बापाच्या सहीवर एवढा विश्वास होता की ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही पास म्हणालात तर राजीनामा. नापास म्हणालात तर विषय बंद." हे मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण मी तेव्हा त्यांच्याकडे कुरमुरे खात बसले होते.

मग गच्चीवर दोन राज्यं सुरू झाली. एका बाजूला काकांचे पाइप, त्यांना भोकं पाडून बसवलेले प्लास्टिकचे कप, कपांत नारळाचा भुसा आणि खाली क्षारांचं पाणी फिरवणारा, माशांच्या टाकीला असतो तसला छोटा पंप. दुसऱ्या बाजूला त्यांच्या बायकोच्या, शकुंतलाकाकूंच्या, मातीच्या कुंड्या आणि तेलाचे कापलेले डबे. काकूंच्या हाताला गुण होता, हे काकाही मान्य करत. "मातीची बाजू तू सांभाळ," असं त्यांनी काकूंना सांगितलं आणि धणे मात्र दोघांनी एकाच पुडीतले घेतले. कोथिंबीर तोडायची त्या दिवशी तराजू निघायचा, पानांची उंची पट्टीनं मोजली जायची, आणि एक जुडी ओल्या फडक्यात ठेवून किती दिवसांनी माना टाकते तेही बघितलं जायचं.

वजनात पाण्याची बाजू दर खेपेला सरस. लवकर तयार होई आणि जुडी भरघोस निघे. पानं स्वच्छ, मुळाला खडा नाही. मात्र त्या वर्षी लोडशेडिंग सुरू झालं आणि काकांची परीक्षा सुरू झाली. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की मुळं उघडी. काका तांब्यानं पाणी वरच्या टोकाला ओतत, खालच्या टोकाला बादलीत पकडत आणि पुन्हा वर ओतत, असे भर उन्हात दोन-दोन तास. काकू सावलीत तांदूळ निवडत बसलेल्या असत. "माझ्या कुंड्यांना वीज लागत नाही हो," असं त्या तांदळाकडे बघतच म्हणत.

"नोंद केली," काका म्हणत, आणि खरोखरच करत.

राहिला वास आणि चव. इथं काकांची एक अडचण होती, आणि ती त्यांनी मला सहा महिने सांगितली नव्हती. तरुणपणी एका तापात त्यांचं नाक गेलं होतं. त्यांना वास येत नसे. गोड, खारट, आंबट कळायचं, पण कोथिंबीर आणि गवत त्यांना सारखंच. मला वाटत होतं हा माणूस काटेकोरपणासाठी दारोदार वाट्या घेऊन फिरतो. खरं तर ते दुसऱ्यांची नाकं उसनी घेत फिरत होते. हे कळल्यावर त्यांच्यावरची माझी लाडवांची चीड एकदम उतरली.

सुरुवातीला त्यांनी वाट्यांवर 'क' आणि 'ख' लिहिलं होतं. चौदा घरांपैकी बारांनी 'क' चांगली म्हटलं. काका खूश व्हायच्या ऐवजी अस्वस्थ झाले. पुढच्या खेपेला कोणालाही न सांगता त्यांनी वाट्यांची अदलाबदल केली. तरी लोकांनी 'क'च निवडली. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तर ठणकावून म्हणाले, "अहो, 'ख' ती 'ख'च!"

"या शहरात लोक चव घेत नाहीत, नंबर बघतात," काका मला म्हणाले. "ज्याच्या मागे-पुढे काही नाही अशी खूण पाहिजे." त्यांनी एका झाकणावर छत्री काढली आणि दुसऱ्यावर किटली. मग हेडमास्तरांची पंचाईत झाली. छत्री मोठी की किटली, हे त्यांना कुठल्याच इयत्तेत शिकवलं नव्हतं. त्यांनी नाइलाजानं वाटीत काय आहे ते खाऊन बघितलं.

आता निकाल खरे यायला लागले. पालक कुठला बरा यावर एकमत होईना. पुदिन्याचंही तसंच. पण कोथिंबिरीत, झाकणावरची खूण दर वेळी बदलूनही, लोक मातीचीच वाटी उचलत होते. मीसुद्धा. पाण्यावरची दिसायला देखणी होती, पण तोंडात घातली की पाण्याचंच काही खाल्ल्यासारखं वाटायचं. मातीची मात्र चिरतानाच शेजारच्या खोलीत कळायची. आणि मित्राचा सगळा भरवसा कोथिंबिरीवर होता. पुण्यात पोहे, मिसळ, भेळ, आमटी असं काहीही खायचं म्हटलं तरी कोथिंबीर आधी.

तीन हंगाम झाल्यावर काकांनी निकाल लिहिला. उत्पादन : पाणी सरस. टिकाऊपणा : बरोबरी. वास आणि चव : माती सरस, फरक स्पष्ट. आणि खाली : नापास.

मित्रानं कागद वाचला, घडी घातली आणि बसच्या वेळेला निघून गेली. विषय खरोखर बंद झाला. मैत्रीण दुसऱ्या नोकरीला लागली. ठरवलेली शेडची जागा कोणा बिल्डरनं घेतली. पुढे मित्राचं लग्न झालं, ती वाकडला राहायला गेली, बढतीही मिळाली. रविवारी आली की आईपाशी बसायची. गच्चीवर मात्र जायची नाही.

काका पाइप चालवतच राहिले. मी एकदा विचारलं, "निकाल लागला ना? मग आता कशाला?"

"निकाल लॉटला लागतो, परीक्षकाला नाही," ते म्हणाले. मला तेव्हा हे नुसतं बोलायचं म्हणून बोलल्यासारखं वाटलं.

तीन वर्षांनी शकुंतलाकाकू बहिणीच्या बाळंतीण मुलीसाठी महिनाभर लातूरला गेल्या. कुंड्यांचं काम काकांकडे आलं आणि त्यांनी ते कारखान्याच्या शिस्तीनं केलं. रोज सकाळी सातला, प्रत्येक कुंडीला मोजून दोन पेले पाणी. कोथिंबीर तयार झाली तशा दोन वाट्या घेऊन ते माझ्याकडे आले. मी छत्री खाल्ली, किटली खाल्ली, परत छत्री खाल्ली.

"काका, आज दोन्ही पाण्यावरच्याच आणल्यात का?"

ते खाली गेले आणि आणखी सहा घरं फिरून आले. सगळीकडे हेच. कुंडीतल्या कोथिंबिरीचा वास गेला होता. माती तीच, धणे तेच, डबे तेच.

काकू परतल्या त्या संध्याकाळी मी लातूरची खबरबात ऐकायला त्यांच्याकडे बसले होते. काकांनी त्यांना पिशवीही ठेवू दिली नाही.

"तू कुंड्यांना काय घालतेस?"

"काय घालणार? शेणखत आणि पाणी."

"पाणी मी रोज घातलं. दोन-दोन पेले."

"रोज?" काकू म्हणाल्या. "तोडायच्या आधीसुद्धा?"

"म्हणजे?"

"अहो, तोडायच्या आधी दोन दिवस कोण पाणी घालतं? जरा सुकू द्यायची. माझी आई नाही घालायची. ओली जुडी सडते, आणि वासही पळतो. झाडाला तहान लागली की ते वास धरतं."

काका भिंतीला टेकून उभे राहिले. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?" काकूंनी आता पिशवी ठेवली. "चौदा घरं विचारत फिरलात. नीलाताईंना विचारलंत, त्या हेडमास्तरांना विचारलंत. पिकवणारीला कोण विचारतो?"

मला त्या खोलीतून उठावंसं वाटलं. पण उठले नाही, कारण काका पुढे काय करतात हे मला बघायचं होतं. त्यांनी जाऊन आपली वही काढली आणि ते पहिल्या पानापासून वाचायला लागले.

पुढचा महिना त्यांनी पाण्याच्या कोथिंबिरीला तहानेला लावण्यात घालवला. शेवटचे दोन दिवस पंप थोडा वेळच चालवायचा, पानं कोमेजायच्या बेतात आली की पुन्हा सुरू करायचा. लोडशेडिंगमध्ये उन्हात उभा राहून जो माणूस पाइपांना तांब्यानं पाणी पाजत होता, तोच आता हातानं बटण बंद करून शेजारी बसत होता. दोन खेपा हुकल्या, सगळी रोपं वाळली. तिसऱ्या खेपेला त्यांनी वाटीवरचं झाकण काढलं आणि माझ्या स्वयंपाकघरात वास सुटला. मी कुठलीही वाटी निवडू शकले नाही. पुढच्या चौदा घरांत सात-सात झाले.

"म्हणजे मातीचा काही संबंधच नव्हता?" मी विचारलं.

"मातीला तहान लागू देता येते. पाइपात मी ती लागूच दिली नाही. दोन वेगळ्या वागणुकी दिल्या आणि नाव मातीचं घेतलं. नीलाताई, तीन वर्षांपूर्वी नापास लिहिताना मला बरं वाटलं होतं. परीक्षकाला निकाल लिहिताना बरं वाटलं, तर त्यानं त्याच दिवशी फेरतपास करायला हवा. मी केला नाही."

मित्रा रविवारी येणारच होती, आणि तो दिवस मंगळवार. पण काकांना धीर नव्हता. चूक कळल्यावर लॉटचे कागद टेबलावर ठेवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. हिंजवडीला जायला दोन बस बदलाव्या लागतात. म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. ते दोन्ही हातांनी कापडी पिशवी छातीशी धरून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्यावर "सावकाश" म्हणत होते. कंपनीच्या फाटकापाशी वॉचमननं आत फोन लावला.

मित्रा जवळजवळ धावतच आली. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात मोबाइल. "पप्पा? आई बरी आहे ना?"

"आई ठीक आहे. तुझा लॉट मी चुकून नापास केला होता."

"कुठला लॉट?"

"कोथिंबिरीचा."

तिनं माझ्याकडे बघितलं. यांची तब्येत बरी आहे ना, असं त्या बघण्यात होतं. काकांनी तिथंच उन्हात उभं राहून तिला सगळं सांगितलं. आईचे दोन दिवस, तहान, सात-सात. अहवाल वाचून दाखवावा तसं, एकाही शब्दाला रंग न देता. माणसं येत-जात होती आणि फाटकावरची दांडी वर-खाली होत होती.

"पप्पा, तीन वर्षं झाली," ती म्हणाली.

"हो."

"ती जागा गेली. तिथं आता इमारत आहे."

"येताना बघितली."

"मग आता सांगून काय उपयोग?"

"उपयोगाचं मला माहीत नाही. तुझी कल्पनाच कच्ची होती असं तू धरून चालली असशील. ती कच्ची नव्हती. चाचणी कच्ची होती."

मित्रानं हातातला मोबाइल बंद केला. मग तिनं विचारलं, "तेव्हा तुम्हाला ती नापासच व्हायला हवी होती ना?"

मला वाटलं, काका आता निकष, नमुना, नोंदी असं काहीतरी बोलतील. ते आपल्या चपलांकडे बघत राहिले. "हो," ते म्हणाले. "हवी होती. तुझ्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या रानात भाजी खुडली. त्यांची नखं कधी स्वच्छ झाली नाहीत. तुझ्या गळ्यातलं हे कार्ड बघितलं की मला शांत झोप लागायची. तू परत मातीत जाऊ नयेस, एवढंच."

"पण त्यात माती नव्हतीच, पप्पा," ती म्हणाली. "कुणाचं रान नाही, कुणाची माती नाही. मला तेच तर आवडलं होतं."

आणि ती वळली, फाटकातून आत निघून गेली.

मी स्कूटरची किल्ली काढली. "चला काका."

"ती जा म्हणाली नाही," काका म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले. मला त्यांचा राग आला, आणि तेवढीच कणवही. आपण चुकलो हे सांगायला एवढ्या लांब येणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत. माझ्या धंद्यात तर चूक सापडली की ती अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याची असते.

वीसेक मिनिटांनी मित्रा परत आली. खांद्याला पर्स, गळ्यातलं कार्ड काढलेलं. "हाफ डे टाकलाय," ती म्हणाली. "आणलीय का?"

"काय?"

"कोथिंबीर. सगळ्या सोसायटीला चाखायला दिलीत, मला वाटीच दिली नाहीत तुम्ही."

"तुझं हित गुंतलेलं होतं," काका म्हणाले. "तुझं मत धरता आलं नसतं."

"आता धरू नका. नुसती द्या."

पुढच्याच वर्षी तिनं नोकरी सोडली आणि दुसरीकडे शेड घेतली. तिचं बरं चाललं, वाईटही चाललं, ती हकिगत तिची. आम्ही त्या उन्हाळ्यात खडकी सोडून कोथरूडला गेलो आणि काकांची भेट हळूहळू लग्नकार्यापुरती राहिली. पण मला ते आठवतात ते त्या दुपारचेच.

मित्रानं रिक्षा केली आणि बापाला शेजारी बसवलं. मी मागून स्कूटरवर. वाकडच्या चौकात ट्रॅफिक तुंबला आणि मी त्यांच्या रिक्षाच्या बरोब्बर मागे अडकले. रिक्षाच्या मागच्या छोट्या काचेतून दोन डोकी दिसत होती. मित्रा मांडीवरची पुडी उघडून काडी-काडी तोंडात टाकत होती, डोळे मिटून, सावकाश. काका तिच्याकडे पाठ करून बाहेर तोंड काढून बसले होते. आपल्या चेहऱ्याकडे बघून तिचं मत बनायला नको, म्हणून. तिनं काहीतरी म्हटलं. ते वळले नाहीत. तिनं त्यांच्या खांद्यावर थापट मारली, मग दुसरी मारली, मग शर्ट धरून ओढला. सिग्नल सुटला आणि रिक्षा पुढे निघाली, तरी ते वळत नव्हते.